खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचा पंप बंद पडला? पाण्यात करंट उतरला? असं शोधा नेमकं कारण



"भाऊ, पानीमा करंट शे."

जानेवारीतली सकाळ होती. आई टँकमध्ये पाण्याची भर घालत होती आणि मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होतो. मी उठलो, पाण्यात बोट घातलं, काहीच जाणवलं नाही. "काही नाही गं, तुला भास झाला," असं म्हणून परत जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तिने तेच सांगितलं, तेव्हा माझी नजर तिच्या पायांकडे गेली. ती अनवाणी, ओल्या फरशीवर उभी होती. माझ्या पायात रबरी चप्पल होती.

म्हणजे करंट खरोखरच होता. चपलेमुळे तो मला लागत नव्हता, एवढंच.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. वर्क फ्रॉम होम सुरू झाल्यावर पुण्याहून साक्रीला घरी आलो आणि अडीच फुटी खाऱ्या पाण्याचा टँक लावला. त्यात साधारण ११० लिटर पाणी, दोन क्लाउनफिश आणि थोडे दगड आहेत. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, तिथे समुद्र समोरच होता. साक्रीहून सगळ्यात जवळचा समुद्र सुरतेकडचा, तोही दीडशे किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे आपल्याकडे खारं पाणी म्हणजे आरओचं पाणी आणि पिशवीतलं सी सॉल्ट. पंप बिघडला तर दुकान जवळ नाही आणि टँकचं काम जाणणारा मिस्त्रीही नाही. बिघाड आपला आपणच शोधावा लागतो.

या लेखात पंप का बंद पडतो, पाण्यात करंट कुठून येतो, दोष कसा शोधायचा आणि कुठे थांबून वायरमनला बोलवायचं, हे सगळं क्रमाने पाहूया.

आधी हे करा, बाकी सगळं नंतर

टँकमध्ये काहीही बिघडलंय असं वाटलं तर:

१. पाण्यात हात घालू नका. पंप "बंद" दिसत असला तरी नाही.

२. टँकची सगळी उपकरणं बंद करा. नुसतं बोर्डावरचं बटण दाबून थांबू नका, प्लग बाहेर काढा. बटण एकच वायर तोडतं. जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर बटण बंद असूनही पंपापर्यंत फेज पोचलेला असतो.

३. प्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड ओला असेल तर त्याला हात न लावता मेन स्विच बंद करा.

४. कोरडी चप्पल घाला, कोरड्या जागेवर उभे राहा.

आणि कोणाला खरंच शॉक लागून चिकटल्यासारखं झालं असेल तर त्या माणसाला धरून ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्यच नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला वायरपासून दूर करा. मग १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब देत राहा.

गोडं पाणी आणि खारं पाणी यात फरक काय?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते नळाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पट जास्त चांगलं वीज वाहून नेतं. गोड्या पाण्यात जो बारीक दोष महिनोन्‌महिने लपून राहतो, तो खाऱ्या पाण्यात लगेच पाण्याला "जिवंत" करतो.

दुसरा फरक दिसायला छोटा आहे, पण त्रास मोठा देतो. पाण्याचे बारीक थेंब उडतात, सुकतात आणि मिठाची पांढरी पापडी तयार होते. ही पापडी वायरवरून हळूहळू वर चढते आणि प्लगपर्यंत पोचते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात हीच पापडी ओलसर होऊन वीज वाहू लागते. प्लगच्या पिना हिरवट-काळ्या पडणं ही त्याची पहिली खूण.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काचेचा टँक दोष लपवतो. वॉशिंग मशिनमध्ये करंट उतरला तर तिच्या लोखंडी बॉडीला अर्थिंग असतं, फ्यूज उडतो, आपल्याला कळतं. टँकला तर काच आणि खाली लाकडी स्टँड. पाण्यात करंट उतरला तरी त्याला जमिनीत जायला वाटच नाही. दिवे चालू, पंप चालू, मासे मजेत पोहतायत. त्यांना शॉक बसत नाही, कारण करंट त्यांच्यातून कुठे जातच नाही. मग कोणीतरी अनवाणी येऊन पाण्यात हात घालतं आणि करंटला वाट मिळते.

म्हणून "मासे ठीक आहेत ना, मग पाणी ठीक आहे" हा हिशेब चुकीचा.

पंपाच्या आत असतं तरी काय?

दुकानात मिळणारा साधा सबमर्सिबल पंप आतून खूप सोपा असतो. त्यात दोन भाग असतात.

पहिला भाग म्हणजे तांब्याची कॉइल. ती इपॉक्सीमध्ये पूर्ण सीलबंद असते, पाण्याशी तिचा संबंध येत नाही. दुसरा भाग म्हणजे रोटर. हा एक लंबगोल चुंबक असतो, त्याच्या टोकाला पंख्यासारखं इम्पेलर आणि मधून सिरॅमिकचा किंवा स्टीलचा दांडा. कॉइलमध्ये ५० हर्ट्झची वीज आली की चुंबकीय क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं आणि चुंबक त्याच्या मागे फिरतो.

हे कळलं की दोन गोष्टी आपोआप कळतात. रोटर पाण्यातच फिरतो, म्हणजे पाणीच त्याचं ऑइल आणि पाणीच त्याचं कूलिंग. पंप कोरडा चालला की तापतो आणि जातो. आणि रोटर बाहेर निघतो, तो साफ करता येतो. कॉइलचं सील मात्र एकदा फुटलं की पंप संपला, तो दुरुस्त होत नाही.

डीसी पंप थोडे वेगळे. त्यांना १२ किंवा २४ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि कंट्रोलर असतो. पाण्यात २३० व्होल्ट जात नाहीत, म्हणून ते जास्त सुरक्षित. पण ॲडॉप्टर टँकच्या वर किंवा मागे लोंबकळत ठेवला आणि पाण्यात पडला, तर सुरक्षिततेचा काही उपयोग नाही.

लक्षणावरून कारण ओळखा

१. पंप एकदम गप्प, आवाजही नाही.
पंपाला दोष देण्याआधी वीज येतेय का बघा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एमसीबी पडलाय का? डीसी पंप असेल तर ॲडॉप्टरचा दिवा लागतोय का? हे सगळं ठीक असेल तर पंपाचा प्लग काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन पिनांमध्ये रीडिंग घ्या. हे फक्त साध्या २३० व्होल्टच्या पंपासाठी. कॉइल चांगली असेल तर काहीतरी आकडा दिसतो. "ओएल" दिसलं तर कॉइल किंवा वायर तुटलीय.

२. गुणगुणतो, पण फिरत नाही.
ही चांगली बातमी! कॉइल जिवंत आहे, रोटर अडकलाय. मीठ, चुना, बारीक शंख, वाळूचा खडा यांपैकी काहीतरी आत आहे. साफसफाईची पद्धत खाली दिली आहे. पण जास्त वेळ असाच गुणगुणत ठेवू नका, कॉइल तापते.

३. फिरतो, पण पाणी कमी.
तोंडावरची जाळी किंवा स्पंज तुंबलाय का? पाइप मुडपलाय का? पंपावर "एच मॅक्स" लिहिलेलं असतं, ते बघा. एच मॅक्स १.५ मीटर याचा अर्थ पंप दीड मीटरपर्यंत छान पाणी देतो असा नाही. त्या उंचीवर पाण्याचा प्रवाह शून्य होतो, असा त्याचा अर्थ.

४. खडखड आवाज.
बहुतेक वेळा हवा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पाणी झपाट्याने उडतं, पातळी खाली जाते आणि पंप हवा ओढायला लागतो. भर घालताना आरओचं गोडं पाणीच घाला, कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. पातळी ठीक असूनही आवाज येत असेल तर दांडा झिजलाय किंवा सिरॅमिकला तडा गेलाय.

५. चालतो, बंद पडतो, परत चालतो.
प्लग सैल असेल, ॲडॉप्टर कमकुवत असेल, व्होल्टेज खूप खाली जात असेल किंवा पंप तापून आतला थर्मल कट-आउट काम करत असेल. वायर हलवल्यावर चालू-बंद होत असेल तर वायर आतून तुटलीय. तो पंप त्याच क्षणी बाजूला काढा.

६. लाइट गेली, परत आली, पण पंप सुरूच होत नाही.
खाऱ्या पाण्यातला सगळ्यात कॉमन प्रॉब्लेम. चालत्या पंपाला चुन्याचा थर त्रास देत नाही, पण थांबलेल्या पंपाला परत सुटायला ताकद कमी पडते. महिनाभरात असं दोनदा झालं तर पंप "साफ करा" म्हणून सांगतोय असं समजा.

पंप कसा साफ करायचा?

१. प्लग काढा. मग पंप बाहेर काढा.

२. उघडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. जोडताना ओरिंग कुठे होती हे आठवत नाही, अनुभव आहे.

३. पुढचं झाकण काढून रोटर ओढून बाहेर घ्या. सिरॅमिकचा दांडा काचेसारखा तुटतो, पक्कड लावू नका.

४. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन सगळे भाग अर्धा ते एक तास बुडवा. पंपाची वायर आणि प्लग बादलीबाहेर, कोरड्या जागी. बुडबुडे येतील, तो चुना विरघळतोय.

५. जुन्या टूथब्रशने घासा आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. साबण अजिबात नको.

६. रोटर नीट बघा. चुंबकावरचं आवरण फुगलंय, फाटलंय किंवा गंज दिसतोय? असा रोटर परत टाकू नका. धातू पाण्यात उतरतो. तांबं तर खेकडे, झिंगे, गोगलगाय यांच्यासाठी विषच.

७. जोडून आधी बादलीत चालवून बघा, मग टँकमध्ये.

एक जुगाड कधीच करू नका. पंपाची किंवा हीटरची वायर कापली गेली असेल तर टेप गुंडाळून, वरून एखादं सीलंट लावून पाण्यात सोडू नका. हवेत टिकणारा जोड खाऱ्या पाण्यात टिकेलच असं नाही.

पाण्यात करंट आहे, पण नेमका कशातून?

आता माझी चूक सांगतो. आईने दुसऱ्यांदा सांगितल्यावर मी ठरवूनच टाकलं की दोष पंपाचा. पंप जुना होता, आवाज करत होता. दीड हजाराचा नवा पंप मागवला, चार दिवसांनी आला, बसवला. पाचव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आजून शेच."

ऑफिसमध्ये मी ज्युनियर मुलांना रोज सांगतो की अंदाजाने कोड बदलू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तपासा. घरी मात्र स्वतःच ते विसरलो होतो.

मग नीट सुरुवात केली. पद्धत सोपी आहे आणि यात कुठेही चालू वीज पाण्यात सोडावी लागत नाही. तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

बादली टेस्ट:

१. सगळे प्लग काढा. प्लास्टिकच्या बादलीत टँकचंच खारं पाणी घ्या.

२. एक उपकरण बादलीत बुडवा. त्याचा प्लग बाहेर, कोरडा, सॉकेटपासून लांब.

३. मल्टिमीटर ओहमच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवा. एक प्रोब बादलीतल्या पाण्यात, दुसरा प्लगच्या एका पिनेला. मग दुसऱ्या पिनेला. प्रोबच्या धातूला बोटं लावू नका, नाहीतर तुमच्याच शरीराचं रीडिंग येईल.

४. दोन्ही वेळा "ओएल" आलं तर इन्सुलेशन बहुधा ठीक. काहीही आकडा आला तर वीज आणि पाणी यांच्यात रस्ता आहे. ते उपकरण बाद.

५. पुढचं उपकरण घ्या.

जुना पंप: ओएल. नवा पंप: ओएल. वेव्हमेकर: ओएल. हीटर: आकडा आला!

धुळे जिल्ह्यातली थंडी तुम्हाला माहीतच आहे. जानेवारीत हीटर चोवीस तास लावलेला असतो. मी पाणी बदलताना हीटर बंद करायला विसरलो होतो. पातळी खाली गेली, तापलेली काच उघडी पडली आणि त्यावर परत गार पाणी ओतलं. काचेला केसाएवढा तडा गेला. उजेडात धरून फिरवला तेव्हा कुठे तो दिसला. हीटर पाणी गरम करतच होता, त्यामुळे त्याच्यावर संशयच आला नाही.

म्हणून नियम लक्षात ठेवा: पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि करंट लागला की पंपाच्या आधी हीटर तपासा.

एक सूचना. मल्टिमीटर फक्त काही व्होल्टवर तपासतो. २३० व्होल्टवर सुरू होणारी गळती त्याला दिसेलच असं नाही. बादली टेस्टमध्ये सगळं पास होऊनही झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून मेगरने तपासून घ्या. मेगर ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासतो.

आणि तो स्क्रू-ड्रायव्हरवाला टेस्टर? पाण्यात घालून "दिवा लागला म्हणजे करंट, नाही लागला म्हणजे सेफ" असं ठरवू नका. शेजारच्या वायरीमुळे पाण्यात नुसता इंड्यूस झालेला व्होल्टेज असला तरी तो लुकलुकतो. तुम्ही चांगल्या इन्सुलेशनवर उभे असाल तर खरा करंट असूनही तो नीट लागत नाही.

अर्थिंग, एमसीबी आणि आरसीसीबी

हीटर फेकला, प्रश्न मिटला असं मला वाटलं. पण आमचे ओळखीचे वायरमन नाना घरी आले आणि त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: "हीटर फुटला ते ठीक. पण मग मेन का नाही पडला?"

त्यांनी सॉकेट तपासलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही तेवढंच यायला हवं होतं, पण आकडा चाळीसच्या घरात आणि तोही स्थिर नाही. बोर्ड उघडल्यावर कळलं की हिरवी वायर सॉकेटला जोडलेली होती, पण मीटरकडे तिचं दुसरं टोक मोकळं लोंबकळत होतं. घर बांधल्यापासून थ्री-पिन सॉकेटचं तिसरं भोक फक्त शोभेचं होतं.

हे सॉकेटचं मोजमाप चालू लाइनवरचं आहे. मल्टिमीटर वापरायची सवय नसेल तर स्वतः करू नका, वायरमनला करायला सांगा.

आता तिघांची कामं वेगळी कशी, ते बघा.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडत नाही. ६ अँपिअर म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. माणसाला साधारण १ मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात, १० च्या आसपास हात सुटेनासा होतो आणि ३० च्या पुढे तो करंट किती वेळ वाहतो यावर हृदयाचा धोका वाढत जातो. म्हणजे माणूस दगावेल तरी एमसीबीला पत्ता लागणार नाही.

आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. दोन्हीत फरक पडला म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढी गळती झाली की ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. गळती जास्त असेल तर त्याहून खूप लवकर. टँकसाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आगीपासून संरक्षणासाठी असतात, शॉकपासून नाही.

अर्थिंग गळतीला जमिनीत जायची वाट देतं. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो, पण तेव्हा करंट तुमच्या शरीरातून गळायला लागल्यावर तो पडतो. अर्थिंग असेल आणि टँकच्या पाण्यात टायटॅनियमचा ग्राउंडिंग प्रोब असेल, तर हीटर फुटल्या क्षणीच पडतो. कोणी हात घालायच्या आधी. मात्र आरसीसीबी नसताना नुसता प्रोब टाकून निश्चिंत होऊ नका. ही जोडगोळी आहे.

दोन जुगाड दिसले तर ताबडतोब काढायला लावा. एक, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकणं. न्यूट्रल कुठेही तुटला की सगळी लोखंडी बॉडी फेजवर येते. दोन, नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणं. हल्ली मधला पाइप प्लास्टिकचा असतो, ते अर्थिंग कुठेच पोचत नाही.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला असतो, पण उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमकुवत होतं. मार्च ते जून आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. मीठ जमिनीत असलं की आपला मित्र, वायरवर चढलं की शत्रू!

वायरींची मांडणी

* प्रत्येक वायरला झोळ द्या. वायर टँकमधून निघून आधी सॉकेटच्या खाली यावी आणि मग वर सॉकेटकडे जावी. वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये जाणार नाही.
* एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, टँकच्या खालीही नको. बाजूच्या भिंतीवर, उंचावर ठोका.
* थ्री-पिन प्लगची अर्थ पिन मोडून टू-पिनमध्ये बसवू नका.
* मिठाची पापडी दिसली की प्लग काढून, किंचित ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून मगच परत लावा.

लाइट गेली तर मासे कसे वाचवायचे?

गंमत बघा. आमच्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. पण वादळात गावातली तार तुटली की आमच्या घरी अंधारच.

पंप थांबला की पहिली टंचाई ऑक्सिजनची. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी जसं तापतं तसा तो आणखी कमी होतो. म्हणून उन्हाळ्यातला पॉवर कट हिवाळ्यापेक्षा जास्त घातक.

* यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि चार्ज केलेली पॉवर बँक, हा सगळ्यात स्वस्त उपाय. लाइट गेल्यावर आपोआप सुरू होणारे बॅटरी एअर पंपही मिळतात.
* लाइट नसताना माशांना खायला घालू नका.
* इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर पंप घरघरतो आणि तापतो.
* हिशेब असा करा: १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-अवर म्हणजे १,८०० वॉट-अवर. त्यातले निम्मे वापरायचे धरले तर ९००. पंप, वेव्हमेकर आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च मिळून ५० वॉट धरा. म्हणजे साधारण १८ तास. हीटर मात्र यावर लावू नका.
* इन्व्हर्टरवर असताना आरसीसीबी काम करेल की नाही हे वायरिंगवर अवलंबून असतं. वायरमनकडून खात्री करून घ्या. तोपर्यंत लाइट नसताना पाण्यात हात घालायचा असेल तर सगळे प्लग काढूनच.
* सम्प असेल तर एकदा मुद्दाम पंप बंद करून बघा. वरचं पाणी पाइपातून उलटं खाली येतं, ते सम्पमध्ये मावलं पाहिजे.
* कॅनिस्टर फिल्टर खूप तास बंद राहिला असेल तर आतलं सडलेलं पाणी फेकून, धुऊन मगच सुरू करा.

आरसीसीबी लावल्यावर एक नवा प्रश्न येतो. रात्री तो पडला तर सगळेच पंप थांबतात. त्यावर उपाय म्हणजे दोन वेगळे आरसीसीबी. एकावर हीटर आणि मुख्य पंप, दुसऱ्यावर वेव्हमेकर. "सारखा पडतो" म्हणून आरसीसीबी बायपास करणं हा उपाय नाही. तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय. सगळे प्लग काढा, तो वर करा आणि एकेक प्लग लावत जा. ज्या प्लगला तो पडेल, तो दोषी.

मोबाइल कुठे कामाला येतो?

* वॉट दाखवणारा वाय-फाय स्मार्ट प्लग घेतला तर पंप चांगला असतानाचे वॉट लिहून ठेवा. आकडा बदलला की काहीतरी बिघडतंय. ॲपवरून "बंद" केलं म्हणजे प्लग काढला असं नाही, हे मात्र लक्षात असू द्या.
* लाइट गेली की राउटरही जातो आणि स्मार्ट प्लग "ऑफलाइन" दिसतो. बाहेरगावी असताना हाच तुमचा अलार्म. राउटर इन्व्हर्टरवर आणि स्मार्ट प्लग मेन लाइनवर असेल तर लाइट गेली की नेट गेलं हेही ओळखता येतं.
* जुना फोन टँकसमोर कॅमेरा म्हणून लावा, पण तो आणि त्याचा चार्जर टँकच्या वर टांगू नका.
* पंप नवा असताना त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग करून ठेवा. सहा महिन्यांनी तुलना करता येते.

महिन्यातून एकदा, दहा मिनिटं

१. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. पडला पाहिजे. बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

२. सगळे प्लग काढून पिना बघा.

३. वायरी हाताने चाचपा. कडक झालेली, तडकलेली वायर बदला.

४. हीटर थंड झाल्यावर उजेडात धरून बघा.

५. पंपाची जाळी धुवा. दर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरची अंघोळ.

शेवटी

आमच्याकडे आता टँकसाठी दोन आरसीसीबी आहेत, अर्थिंगची हिरवी वायर खरोखर जमिनीत जाते आणि टँकसमोर एक रबरी मॅट आहे. जो पंप मी दोषी ठरवला होता तो साफ करून स्पेअर म्हणून ठेवलाय, अजून उत्तम चालतो. दोन्ही क्लाउनफिशही मजेत आहेत.

पण या सगळ्यात माझी सगळ्यात मोठी चूक पंप बदलण्याची नव्हती. आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी स्वतःचं बोट पाण्यात घालून "भास झाला" म्हणालो, ती होती. घरातलं कोणी फ्रिजला, गिझरला, नळाला, टँकला "करंट लागतो" म्हणालं, तर तुम्हाला लागत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. आधी प्लग काढा. मग शोधा.

तुमच्या घरात थ्री-पिन सॉकेटचं तिसरं भोक कुठे जातं, हे आजच वायरमनला विचारून घ्या. टँक नसला तरी.